चुंबक जिथे सुटतो ती रेघ
वीजकेंद्रातील दोन धातूंच्या सांध्याविषयी



आपल्या प्रयोगशाळेतल्या काचेच्या कपाटात तिसऱ्या फळीवर वीतभर लांबीची एक जाड नळी ठेवलेली आहे. तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी ती पाहिली असेल, हातात मात्र थोड्यांनीच घेतली असेल. वीजकेंद्रांच्या दुरुस्तीच्या कामावर जाणाऱ्या आपल्या एका माजी विद्यार्थ्याने ती शाळेला भेट दिली. वेल्डिंगच्या सरावासाठी जोडलेला तो नमुना आहे. आली तेव्हा नळी दोन्ही टोकांना सारखीच दिसत होती. एक पावसाळा गेला आणि अर्धी नळी तांबूस गंजली, उरलेली अर्धी जशीच्या तशी चकचकीत राहिली.

मग आम्ही नववीच्या तासाला त्या नळीवर चुंबक फिरवून पाहिला. गंजलेल्या बाजूला तो घट्ट चिकटला. तसाच पुढे सरकवत नेला तर एका ठिकाणी तो एकदम सुटला, आणि त्यापुढे कुठेच चिकटेना. ती जागा म्हणजे एक बारीक गोल रेघ. रेघेच्या अलीकडे एक धातू, पलीकडे दुसरा.

वर्गातल्या एका मुलीने लगेच विचारले, "सर, नळी दोन्ही बाजूंनी ओढली तर ती या रेघेवरच तुटणार ना?"

प्रश्न साधा वाटतो. पण गेली अनेक दशके जगभरचे बॉयलर बांधणारे अभियंते याच प्रश्नाभोवती फिरत आहेत. त्याचे उत्तर "नाही" असेही आहे आणि "होय" असेही आहे. पहिल्या दिवशी ओढली तर नळी तिथे तुटणार नाही. अनेक वर्षे काम केल्यावर तुटली, तर बहुतेक वेळा तिथेच तुटेल. हे असे का होते, ते या पाठात पाहू.

१. दोन धातू हवेत कशाला?

आपल्या बडोद्याहून फार लांब नसलेले, महीकाठचे वणाकबोरीचे औष्णिक वीजकेंद्र तुम्ही ऐकून असाल. अशा केंद्रात कोळसा जाळून पाण्याची वाफ करतात आणि त्या वाफेने टर्बाइन फिरवतात. वाफ जितकी जास्त तापलेली, तितकी त्याच कोळशातून अधिक वीज मिळते. म्हणून बॉयलरमध्ये तयार झालेली वाफ पुन्हा नळ्यांच्या एका जुडग्यातून नेऊन आणखी तापवतात. या भागाला सुपरहीटर म्हणतात. भारतात वर्षानुवर्षे चालत आलेल्या बहुतेक मोठ्या बॉयलरमध्ये वाफ सुमारे ५४० अंश सेल्सियसपर्यंत तापते आणि तिचा दाब दर चौरस सेंटिमीटरला १५० किलोच्या आसपास असतो. वाफेपेक्षा नळीचा धातू अधिक तापलेला असतो, कारण बाहेरून त्याला भट्टीतले वायू भाजत असतात.

सुपरहीटरचा बराचसा भाग क्रोम-मॉलिब्डेनम पोलादाचा करतात. त्यात सव्वादोन टक्के क्रोमियम आणि एक टक्का मॉलिब्डेनम असते, बाकी जवळजवळ सगळे लोखंडच. हे पोलाद स्वस्त, मजबूत आणि भरवशाचे आहे. पण धातूचे तापमान साधारण ५८० अंशांच्या पुढे गेले की ते भराभर ऑक्साइड धरते आणि त्याची ताकद घटते. तिथून पुढे स्टेनलेस स्टील लागते. त्यात सुमारे १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्क्यांहून अधिक निकेल असते.

मग सगळाच बॉयलर स्टेनलेसचा का करू नये? एक कारण पैशाचे. दुसरे कारण शास्त्राचे. स्टेनलेस तापल्यावर जास्त फुगते आणि उष्णता कमी वाहून नेते, त्यामुळे जाड भागांत ते त्रास देते. म्हणून जिथे आच सर्वांत जास्त तिथे स्टेनलेस आणि बाकी ठिकाणी क्रोम-मॉली पोलाद अशी वाटणी केली जाते. वाटणी आली की सीमा आली, आणि सीमेवर सांधा आला. एका मोठ्या बॉयलरमध्ये असे शेकडो सांधे असू शकतात.

२. पहिल्या दिवसाची परीक्षा

वेल्ड झालेल्या सांध्याची परीक्षा अनेक प्रकारे घेतात. त्यातले चार प्रकार ध्यानात ठेवा.

ताण-परीक्षा : सांधा मध्यभागी येईल अशी पट्टी कापून यंत्रात दोन्ही टोकांनी ओढतात आणि ती किती जोर सहन करते ते मोजतात.

वाक-परीक्षा : पट्टी सांध्यावर वाकवतात. बाहेरच्या बाजूला भेग पडता कामा नये.

कठीणतेची परीक्षा : हिऱ्याचे टोक ठरावीक वजनाने धातूवर दाबतात आणि उठलेला ठसा मोजतात. ठसा लहान तर धातू कठीण.

आघात-परीक्षा : खाच पाडलेल्या तुकड्यावर लंबकाचा हातोडा सोडतात. तुकडा मोडताना किती ऊर्जा खातो त्यावरून त्याचा चिवटपणा कळतो. फ्रेंच अभियंते जॉर्ज शार्पी यांच्या नावाने ही परीक्षा ओळखली जाते.

आता आपली नळी ताण-परीक्षेला लावू. या क्रोम-मॉली पोलादाची ताणशक्ती मानकाप्रमाणे किमान ४१५ मेगापास्कल असते. म्हणजे एक चौरस सेंटिमीटर जाडीची सळई चार टनांहून अधिक भार पेलते. स्टेनलेसची ताणशक्ती किमान ५१५, आणि मधे भरलेल्या निकेलच्या मिश्रधातूची किमान ५५० मेगापास्कल.

साखळी तिच्या सर्वांत दुबळ्या कडीवर तुटते. इथे दुबळी कडी कोणती? रेघ नव्हे. दुबळे आहे ते क्रोम-मॉली पोलाद. म्हणून चांगल्या वेल्डरने केलेला सांधा ओढला, की पट्टी रेघेपासून दूर, पोलादाच्या अंगात बारीक होत होत तुटते. वेल्डला धक्काही लागत नाही. परीक्षक कागदावर "उत्तीर्ण" लिहितो, आणि तो खोटे लिहीत नाही. पण त्याने मोजले काय? त्याने क्रोम-मॉली पोलादाची ताकद मोजली. रेघेबद्दल त्याला एवढेच कळले की आजच्या घडीला ती पोलादापेक्षा कमजोर नाही.

एक्स-रे काढून वेल्डच्या पोटात पोकळी किंवा भेग आहे का तेही पाहतात. तेही आवश्यकच आहे. पण आपण ज्या गोष्टी आता पाहणार आहोत, त्या एक्स-रेमध्ये दिसत नाहीत. कारण पहिल्या दिवशी त्या घडलेल्याच नसतात.

३. रेघेवर काय चालते?

पहिली गोष्ट, प्रसरण. द्विधातू पट्टीचा प्रयोग तुम्ही केला आहे. पितळ आणि लोखंड यांची एकत्र जोडलेली पट्टी तापवली की वाकते, कारण पितळ जास्त लांबते. घरच्या इस्त्रीतही हीच युक्ती असते. पट्टी मोकळी असते म्हणून वाकून सुटका करून घेते. नळीला वाकायला जागा नाही. ती गोल आहे आणि सगळीकडून जखडलेली आहे.

थोडे गणित करू. नळीचा व्यास ५० मिलिमीटर, तापमान २० अंशांवरून ५४० अंशांवर गेले, म्हणजे वाढ ५२० अंश. या टप्प्यात क्रोम-मॉली पोलादाचा प्रसरणांक सरासरी दर अंशाला दहा लाखांत १४ आणि स्टेनलेसचा दहा लाखांत १८ धरू.

पोलादाच्या व्यासातली वाढ : ५० × १४ × ५२० ÷ १०,००,००० = ०.३६ मिलिमीटर
स्टेनलेसच्या व्यासातली वाढ : ५० × १८ × ५२० ÷ १०,००,००० = ०.४७ मिलिमीटर

फरक सुमारे ०.१ मिलिमीटर, म्हणजे वहीच्या एका पानाच्या जाडीइतका. एवढ्याशा फरकाने काय होते, असे वाटेल. अकरावीच्या मुलांनी यंगचा गुणांक घेऊन पुढचे पाऊल टाकावे. हा फरक ५० मिलिमीटरला ०.१, म्हणजे हजारात २ आहे. तापलेल्या पोलादाचा यंगचा गुणांक सुमारे १,६०,००० मेगापास्कल धरला आणि फरक दोन्ही बाजूंनी निम्मा-निम्मा वाटून घेतला असे मानले, तर रेघेजवळ १६० मेगापास्कलच्या आसपास ताण येतो. हेच पोलाद थंड असताना २०५ मेगापास्कलला कायमचे ताणू लागते असे मानक सांगते. तापल्यावर ती मर्यादा आणखी खाली येते. म्हणजे वाफेचा दाब मोजण्याआधीच, केवळ तापल्यामुळे, रेघेच्या काठावरचे पोलाद आपल्या सहनशक्तीच्या जवळ पोहोचलेले असते. केंद्र दरवेळी बंद होऊन सुरू झाले की हा ताण जातो आणि परत येतो.

दुसरी गोष्ट, कार्बनचे स्थलांतर. घरी कैरीचे लोणचे घालताना फोडींना मीठ लावून ठेवतात. तासाभरात मीठ फोडीतले पाणी ओढून घेते आणि फोडी मऊ पडतात. रेघेवर असेच काहीसे घडते. पोलादाची ताकद त्यातल्या थोड्याशा कार्बनवर अवलंबून असते. क्रोमियमला कार्बनची मोठी ओढ असते. रेघेच्या एका बाजूला सव्वादोन टक्के क्रोमियम आणि दुसऱ्या बाजूला त्याच्या कित्येक पट. थंड धातूत कार्बनचे अणू जागचे फारसे हलत नाहीत. पण ५०० अंशांच्या वर वर्षानुवर्षे राहिल्यावर ते हळूहळू पोलादाकडून वेल्डकडे सरकतात. मागे पोलादाच्या काठावर केसाच्या जाडीचा एक पट्टा उरतो, कार्बन गमावलेला आणि मऊ. पलीकडे, वेल्डच्या काठावर, क्रोमियम आणि कार्बन यांची कठीण संयुगे जमतात. कठीणतेच्या परीक्षेत हे चित्र स्पष्ट दिसते. रेघ ओलांडताना आकडा आधी खाली बसतो आणि लगेच उसळी घेतो. मऊ आणि कठीण असे खेटून बसले की ताणाचा सगळा भार मऊ पट्ट्यावर पडतो.

तिसरी गोष्ट, गंज. उच्च तापमानाला पोलादाची बाजू बाहेरून ऑक्साइड धरते, वेल्डची बाजू जवळजवळ धरत नाही. त्यामुळे नेमक्या रेघेवर एक बारीक खाच तयार होते. कापड फाडायचे असले की शिंपी आधी काठाला छोटी चीर देतो, हे तुम्ही पाहिलेच असेल. खाचेचे काम तेच.

या तिन्ही गोष्टी एकाच ठिकाणी एकत्र येतात, चुंबक जिथे सुटतो त्या रेघेच्या पोलादाकडच्या काठावर.

४. काळाची परीक्षा

मे महिन्याच्या दुपारी देवघरातली उभी मेणबत्ती कधी कधी आपल्याच वजनाने वाकलेली दिसते. कोणी हात लावलेला नसतो. ऊन तेच, वजन तेच, पण वेळ जातो तशी ती झुकत जाते. तापलेला धातूही स्थिर भाराखाली असाच हळूहळू ताणला जातो. याला क्रीप म्हणतात. वर्षानुवर्षे चाललेल्या क्रीपमुळे धातूच्या कणांच्या सीमांवर सूक्ष्म पोकळ्या पडतात, त्या एकमेकींना मिळतात आणि भेग जन्माला येते.

बॉयलरच्या नळ्यांचे धातू निवडताना १,००,००० तासांची सहनशक्ती विचारात घेतात. एका वर्षात ८,७६० तास असतात, म्हणजे हा काळ साडेअकरा वर्षांच्या जवळपास येतो. एवढा वेळ परीक्षेसाठी थांबणे कठीण. म्हणून संशोधक भार किंवा तापमान वाढवून परीक्षा लवकर संपवण्याचा प्रयत्न करतात. आणि इथेच या सांध्याने अनेकांना फसवले.

भार मोठा ठेवला तर नमुना काहीशे तासांत तुटतो आणि तुटतो तो पोलादाच्या अंगात, भरपूर ताणून, पहिल्या दिवसाच्या परीक्षेसारखाच. भार कमी ठेवून हजारो तास वाट पाहिली तर तुटण्याची जागा सरकत सरकत रेघेवर येते. तिथे नमुना जवळजवळ न ताणताच तुटतो, आधी काही इशारा न देता. घाईच्या परीक्षेत कार्बनला सरकायला वेळ नसतो, पोकळ्यांना वाढायला वेळ नसतो. म्हणजे घाईच्या परीक्षेने प्रश्नच वेगळा विचारला होता.

नळी फुटल्यावर काय होते? आतली वाफ बाणासारखी बाहेर येते आणि शेजारच्या नळ्याही कापते. बॉयलर बंद करून थंड होऊ द्यावा लागतो, आत परांती बांधावी लागते, नळ्या कापून नव्या जोडाव्या लागतात. तेवढे दिवस वीज बंद. म्हणून ही केसाएवढी रेघ महत्त्वाची.

५. उपाय

सुरुवातीला हे सांधे स्टेनलेसचीच सळई वापरून भरत. मग प्रसरणाचा सगळा फरक पोलादाच्या काठावर येई, आणि नेमका तोच काठ दुबळा. पुढे निकेलच्या मिश्रधातूची सळई वापरात आली. निकेलच्या या मिश्रधातूचा प्रसरणांक क्रोम-मॉली पोलादाच्या जवळचा आहे. त्यामुळे प्रसरणाची उडी पोलादाच्या काठावरून उठून निकेल आणि स्टेनलेस यांच्यामधल्या काठावर गेली. ते दोन्ही धातू उष्णतेत मजबूत आणि न गंजणारे, म्हणून त्यांना ती सोसते. शिवाय निकेलमध्ये कार्बन सहज शिरत नाही. फरक नाहीसा झाला नाही, पण तो जिथे सोसवेल तिथे नेऊन ठेवला. अशा सांध्यांचे आयुष्य जुन्या सांध्यांपेक्षा अनेक पटींनी वाढले.

दुसरा उपाय कामाच्या क्रमाचा. वेल्ड केल्यावर क्रोम-मॉली पोलादाचा काठ फार कठीण आणि ठिसूळ होतो. विकर्स मापाने कठीणता ३०० च्या वर जाते. म्हणून तो भाग साधारण ७०० अंशांपर्यंत पुन्हा तापवून सावकाश थंड करतात. पण स्टेनलेसला हे तापमान मानवत नाही, त्याची गंजविरोधी शक्ती कमी होऊ शकते. यावर कारागिरांनी छान तोड काढली. पोळीला तूप लावावे तसा आधी पोलादाच्या टोकावर निकेलच्या मिश्रधातूचा थर चढवायचा, तेवढ्याच टोकाला उष्णता देऊन शांत करायचे आणि मग तो थर स्टेनलेसला जोडायचा. दुसऱ्या वेळेची आच पोलादापर्यंत पोहोचतच नाही.

इथे एक बारकावा लक्षात घ्या. एकाच धातूच्या सांध्याला तापवून थंड केले की आतला ताण निघून जातो. दोन धातूंचा सांधा ७०० अंशांवर निवांत होतो खरा, पण थंड होताना दोघे वेगवेगळे आकसतात आणि ताण परत येतो. उष्णतेने काठाचा ठिसूळपणा जातो, दोन धातूंमधला स्वभावाचा फरक जात नाही.

तिसरा उपाय पायरीचा. दोन खोल्यांच्या जमिनीत फार अंतर असेल तर आपण मधे एक पायरी बांधतो. तशीच दोन धातूंच्या मधे तिसऱ्या धातूची छोटी नळी जोडतात, जिचे प्रसरण दोघांच्या मधले आहे. कल्पक्कमच्या इंदिरा गांधी अणुसंशोधन केंद्रात अशा तीन धातूंच्या सांध्यावर काम झाले आहे. त्यात मधला तुकडा अलॉय ८०० नावाच्या लोह-निकेल-क्रोमियम मिश्रधातूचा आहे.

६. उपायाचीही परीक्षा

निकेल आले आणि सगळे सुरळीत झाले, असे म्हणून पाठ संपवता आला असता. पण एक घटना सांगितलीच पाहिजे.

अमेरिकेत दक्षिण कॅरोलिना राज्यात व्ही. सी. समर नावाचे अणुवीजकेंद्र १९८४ पासून व्यापारी तत्त्वावर वीज देत आहे. ऑक्टोबर २००० मध्ये इंधन बदलण्यासाठी ते बंद असताना तपासणी करणाऱ्यांना अणुभट्टीच्या परिसरात बोरिक आम्लाचे पांढरे स्फटिक साचलेले दिसले, ९० किलोहून अधिक. अशा अणुभट्टीच्या पाण्यात बोरिक आम्ल मिसळलेले असते. नळाच्या गळक्या तोटीभोवती जसे क्षारांचे पांढरे डाग धरतात, तसेच हे. कुठून तरी पाणी झिरपत होते, आटत होते आणि स्फटिक मागे राहत होते.

शोध घेतला तेव्हा भेग सापडली ती अणुभट्टीचे पोलादी पात्र आणि स्टेनलेसचा मुख्य पाइप यांच्यामधल्या सांध्यात. तो सांधा निकेलच्या मिश्रधातूनेच भरलेला होता. भेग सांध्याच्या आरपार गेली होती.

इथे तापमान सव्वातीनशे अंशांच्या आसपास, म्हणजे बॉयलरच्या मानाने बरेच कमी. क्रीपचा प्रश्न नव्हता, कार्बनच्या स्थलांतराचाही नव्हता. इथे तीन वेगळ्याच गोष्टी एकत्र आल्या होत्या : गरम पाणी, वेल्डमध्ये अडकून राहिलेला ताण, आणि अशा पाण्यात ताणाखाली भेगाळणारा मिश्रधातू. केंद्र बांधताना त्या सांध्याची बरीच दुरुस्ती करावी लागली होती. प्रत्येक दुरुस्तीने आत आणखी ताण सोडला होता. सांधा कापून काढला आणि नवा पाइपतुकडा बसवला. जुन्या मिश्रधातूत क्रोमियम १५ ते २० टक्क्यांच्या घरात असे. आता अशा कामांसाठी सुमारे ३० टक्के क्रोमियम असलेला निकेलचा मिश्रधातू वापरतात, तो अशा पाण्यात कितीतरी अधिक टिकतो.

ज्या निकेलने बॉयलरचा सांधा वाचवला, त्याच जातीचा निकेलचा धातू अणुभट्टीच्या पाण्यात भेगाळला. म्हणजे "हा सांधा मजबूत आहे" हे वाक्य अपुरे आहे. किती तापमानाला, कोणत्या भाराखाली, कशाच्या संगतीत आणि किती वर्षे, हे चार प्रश्न विचारल्याशिवाय मजबुतीला अर्थ नाही.

७. पालक आणि विश्वस्तांसाठी

आता थोडे मोठ्यांशी बोलतो. दिवसा सूर्याची वीज भरपूर मिळू लागल्यापासून कोळशाच्या केंद्रांना दुपारी उत्पादन घटवून संध्याकाळी पुन्हा वाढवावे लागते. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाने २०२३ मध्ये नियम करून कोळशाच्या संचांना ४० टक्के भारापर्यंत खाली येण्याची क्षमता आणायला सांगितले आहे. सतत एका भारावर चालण्यासाठी बांधलेल्या नळ्यांना आता अधिक वेळा तापमानाचे चढउतार सोसावे लागणार. म्हणून या सांध्यांची निगा पुढच्या वीस वर्षांत अधिकच लागेल. ती निगा राखणारी माणसे आज आपल्याच शाळांच्या बाकांवर बसली आहेत.

बॉयलरच्या दाबाखालच्या नळीला हात लावण्याआधी वेल्डरला परीक्षा देऊन प्रमाणपत्र मिळवावे लागते. नळ्यांच्या दाटीत, कधी आरशात पाहून, उलट्या हाताने तो टाका घालतो. सळई कोणती, आच किती, पहिला थर कोणत्या बाजूला, हे त्याला शास्त्रासकट कळावे लागते. तरीही दहावीनंतर एखाद्या मुलाने "मला आयटीआयला वेल्डिंगला जायचे आहे" म्हटले की घरात शांतता पसरते, हे आम्ही दरवर्षी पाहतो. मुलगा कमी पडला असे समजले जाते. पहिल्या दिवसाच्या गुणांवरून सांध्याची किंमत ठरत नाही हे आपण आताच पाहिले. मुलांनाही तोच न्याय लावावा, एवढेच आमचे म्हणणे.

बडोद्याला हे नवीन नाही. १८९० साली सयाजीराव महाराजांनी इथे कलाभवन सुरू केले तेव्हा हाताचे कसब आणि शास्त्र एकाच छपराखाली शिकवायचे हा विचार त्यामागे होता. तेच कलाभवन पुढे आपल्या विद्यापीठाच्या तंत्रज्ञान व अभियांत्रिकी विद्याशाखेत सामावले. विश्वस्त मंडळाला आमची विनंती आहे की यंदाच्या दहावीच्या मार्गदर्शन सत्रात डॉक्टर आणि अभियंत्यांबरोबर आयटीआयच्या एका निदेशकांना आणि एका प्रमाणपत्रधारक वेल्डरलाही व्यासपीठावर बसवावे. कपाटातली नळी आम्ही घेऊन येऊ.

आणि त्या मुलीचे उत्तर? पुढच्या तासाला आम्ही तिला नळी हातात दिली आणि सांगितले, "आज ओढलीस तर इथे तुटणार नाही. वीस वर्षे तापवत ठेवून मग विचारलेस, तर कदाचित इथेच." ती थोडा वेळ रेघेवर बोट फिरवत राहिली आणि म्हणाली, "मग वीस वर्षे लक्ष कोण ठेवणार?" याहून चांगला प्रश्न आम्हालाही सुचला नसता.

स्वाध्याय

१. निकेलच्या मिश्रधातूचा प्रसरणांक दहा लाखांत १४.५ धरून, ५० मिलिमीटर व्यासाच्या नळीत ५२० अंशांच्या वाढीने पोलाद आणि निकेल यांच्यात किती मिलिमीटर फरक पडेल? पाठातल्या फरकाशी तुलना करा.

२. ताण-परीक्षेत सांधा रेघेपासून दूर तुटला, यावरून सांधा वीस वर्षे टिकेल असे म्हणता येईल का? दोन कारणे लिहा.

३. घरातली पाच धातूची भांडी घ्या आणि प्रत्येकाला चुंबक लावून पाहा. स्टीलच्या कोणत्या भांड्यांना चुंबक चिकटतो आणि कोणत्यांना नाही, याचा तक्ता करा. तळाला तांबे लावलेले पातेले असेल तर ते जरूर तपासा.

४. मध्यंतराच्या सुटीत प्रयोगशाळेत या आणि नळीवर स्वतः चुंबक फिरवून रेघ शोधा. नळी परत ठेवताना कोरड्या फडक्याने पुसायला विसरू नका.